पहारेकऱ्यांची परीक्षा

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त सभागृहांत तरुण व पालक यांच्यापुढें दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या व्याख्यानमालेंतील एक दिवस समितीनें मजकडे सोंपविला, तेव्हां विषय कोणता घ्यावा ह्या विवंचनेंत मी पुष्कळ दिवस होतों. माझें सारें आयुष्य कचेरींतील संगणकांच्या सोबतीनें गेलें; वक्तृत्व माझ्या वांट्यास आलें नाहीं. शेवटीं विषय मीं निवडला नाहीं, तो मला वाटेंत भेटला. गेल्या महिन्यांत एका रविवारीं देवळाच्या आवारांत आपल्यापैकींच एका मातेनें मला थांबविलें. त्यांचा मुलगा महाविद्यालयांत संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षास आहे. त्या म्हणाल्या, "काका, पोरगा म्हणतो, संगणकावरच्या चोरांना पकडायचं शिकणार. पण चोर पकडायला शिकायचं म्हणजे आधी चोरीच शिकायची ना? असल्या विद्येला तुम्ही चांगलं म्हणता का?"

मीं तेथल्या तेथें कांहींतरी उत्तर दिलें. परंतु तें माझें मलाच पटलें नाहीं. आजचें व्याख्यान म्हणजे त्या बाईंना द्यावयाचें राहून गेलेलें उत्तर होय. त्या आज तिसऱ्या रांगेंत बसलेल्या दिसत आहेत. त्यांना पाहून मला धीरहि येतो आणि थोडी भीतिहि वाटते.

मी ज्या स्पर्धेची हकीकत सांगणार आहें ती आपल्याकडील नव्हे, अमेरिकेंतील आहे. परक्यांचें कौतुक करण्याची मला विशेष हौस नाहीं. पण वरील प्रश्नाचें इतक्या सरळपणें उत्तर देणारी दुसरी गोष्ट मला ठाऊक नाहीं. स्पर्धेचें नांव जरा लांबलचक आहे: नॅशनल कॉलेजिएट सायबर डिफेन्स कॉम्पिटिशन. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची सायबर संरक्षणाची राष्ट्रीय स्पर्धा, असें आपण म्हणूं. तिचा जन्म टेक्सस राज्यांतील सॅन अँटोनियो शहरीं झाला. पादुआच्या सेंट अँथनीचेंच नांव त्या शहराला आहे. हरवलेली वस्तु सांपडावी म्हणून ज्यांच्याकडे आपल्या घरोघरच्या आजीबाई धांव घेतात तेच हे संत. चोरीच्या बंदोबस्ताची विद्या त्यांच्याच नांवाच्या शहरीं वाढीस लागावी, हा योगायोग मला मोठा गमतीचा वाटतो.

फेब्रुवारी २००४ मध्यें कांहीं प्राध्यापक, विद्यार्थी, सरकारी अधिकारी आणि उद्योगधंद्यांतील माणसें तेथें एकत्र जमलीं. त्यांच्यापुढें प्रश्न असा होता कीं, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीं संगणकांच्या संरक्षणाची नियमित कवाईत चालविणें शक्य आहे काय, आणि शक्य असल्यास तें इष्ट आहे काय. कवाईतीची कल्पना अगदींच नवी नव्हती. अमेरिकेच्या लष्करी विद्यालयांत २००१ पासून असा एक उपक्रम चालू झाला होता. छात्रांनीं संगणकांचें जाळें सांभाळावयाचें आणि नॅशनल सिक्युरिटी एजन्सी ह्या सरकारी खात्याच्या माणसांनीं त्यावर हल्ला चढवावयाचा, असें त्याचें स्वरूप होतें. परंतु जें शिपायाला मिळतें तें बँकेंत, इस्पितळांत किंवा वीजकंपनींत नोकरी करूं पाहणाऱ्या साध्या मुलाला कोण देणार? सॅन अँटोनियो येथील टेक्सस विद्यापीठानें तें काम अंगावर घेतलें. एप्रिल २००५ मध्यें टेक्ससमधील पांच महाविद्यालयांची पहिली स्पर्धा झाली, आणि पुढच्याच वर्षीं, २००६ सालीं, ती राष्ट्रीय झाली. त्या वर्षीं शार्लट येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा संघ जिंकला. आतां देशाचे विभाग पाडून आधीं विभागवार झुंजी होतात आणि त्यांतील विजयी संघ अंतिम फेरीस जातात.

इतिहास एवढा पुरे. आतां त्या खोलींत चला.

टेबलें मांडलेलीं आहेत, त्यांवर संगणक आहेत आणि त्यांच्यासमोर आठ विद्यार्थी बसले आहेत. संघाच्या यादींत बारा जणांचीं नांवें असूं शकतात, पण प्रत्यक्ष झुंजींत आठच उतरतात. आणि पदव्युत्तर विद्यार्थी दोहोंपेक्षां अधिक चालत नाहींत. त्यांना सांगण्यांत येतें कीं, अमुक एका लहानशा कंपनीचे संगणक सांभाळणारीं माणसें एकाएकीं कामावरून गेलीं असून त्यांच्या जागीं आजपासून तुमची नेमणूक झाली आहे. बस्स. कोणत्या यंत्रावर काय आहे, जुन्या माणसांनीं जातांना कोणतें दार उघडें टाकलें, ह्याची त्यांना पुरती माहिती नसते. कांहीं यंत्रें जुनाट असतात. त्यांतील उणीवा जगजाहीर झालेल्या असतात आणि त्यांची दुरुस्ती मात्र कोणी केलेली नसते. कांहींचे पासवर्ड शेंबड्या पोरानेंहि ओळखावे असे असतात. नोकरी सोडून गेलेल्या माणसांचीं खातीं अजून जिवंत असतात. सर्व संघांना एकसारखींच यंत्रें मिळत असल्यामुळें 'आमच्याच नशिबीं वाईट आलें' असें म्हणावयास कोणास जागा उरत नाहीं. शिक्षकानें संघ तेथवर आणून सोडावयाचा. एकदां स्पर्धा सुरू झाली कीं त्यानें मुलांना सल्ला देण्याची मनाई असते. हा नियम मला फार आवडतो. आपल्याकडे परीक्षेच्या मंडपाबाहेर उभे राहणारे पालक मीं पाहिले आहेत.

ह्या आठांना निळा संघ म्हणतात. दुसऱ्या खोलींत तांबडा संघ बसलेला असतो. तांबड्या संघांतील माणसें विद्यार्थी नसतात. ज्यांना कंपन्या पैसे देऊन 'आमच्या यंत्रणेंत शिरून दाखवा, म्हणजे आमचीं भोंकें आम्हांला कळतील' असें सांगतात, असे धंद्यांत मुरलेले ते लोक. येथें ते हौसेनें येतात. पांढरा संघ पंचांचा. आणखीहि एकदोन रंग आहेत, पण त्यांत आपणांस शिरण्याचें कारण नाहीं.

घड्याळाचा कांटा हलला कीं तांबडे कामास लागतात. ज्या संघानें पासवर्ड बदलण्यास विलंब लावला, त्याच्या घरांत ते पहिल्या कांहीं मिनिटांतच शिरलेले असतात. एकदां शिरले म्हणजे ते लगेच धिंगाणा घालतातच असें नाहीं; पुढें उपयोगी पडावी म्हणून एखादी चोरवाट करून ठेवतात आणि गप्प बसतात. मुलांना वाटतें, आपण दार लावलें. दार लावलेलें असतें, पण चोर आंत असतो.

येथवर ऐकून आपणांस वाटेल कीं, मग सगळेंच बंद करून टाकलें म्हणजे झालें. तेथेंच ह्या स्पर्धेचें मर्म आहे. त्या काल्पनिक कंपनीला गिऱ्हाईकें आहेत. तिचें संकेतस्थळ उघडलें पाहिजे, टपाल गेलें-आलें पाहिजे, दुकानांतील माल विकला गेला पाहिजे, आणि नांवावरून संगणकाचा पत्ता शोधून देणारी जी यंत्रणा असते ती चालली पाहिजे. पंचांचें एक यंत्र ठराविक वेळ न पाळतां, मधूनच येऊन, गिऱ्हाइकासारखें दार ठोठावून पाहतें. उत्तर मिळालें तर गुण. न मिळालें तर गुण नाहीं. आणि बराच वेळ दार बंदच राहिलें तर पदरचे गुणहि जातात. म्हणजे चोराच्या भीतीनें दुकानाला कुलूप घालून बसणारा पहारेकरी येथें चोर आला नाहीं तरी हरतो.

भरीस भर म्हणून कंपनीच्या संचालकांचे हुकूम येत राहतात. त्यांना तेथें 'इंजेक्ट' म्हणतात. आपण त्यांना टांचण्या म्हणावयास हरकत नाहीं, कारण त्या नेमक्या नको त्या वेळीं टोंचतात. नव्या कारकुनांचीं खातीं उघडा. पासवर्ड कसे असावे ह्याविषयीं नोकरांसाठीं एक नियमावली लिहून द्या. अमुक एक नवी सोय तासाभरांत सुरू करा. कालच्या घटनेविषयीं संचालक मंडळापुढें ठेवण्याजोगा अहवाल सादर करा, आणि तो अशा भाषेंत लिहा कीं संगणकाचें ज्ञान नसलेल्या माणसालाहि समजेल. कांहीं विभागांतील स्पर्धांत तर गिऱ्हाईक बनून फोनवर तक्रारी करणारीं माणसेंहि नेमलेलीं असतात. तांबडा शत्रु भिंत पोखरीत आहे आणि इकडे एका मुलाला बसून शुद्ध भाषेंत पत्र लिहावयाचें आहे, असा तो प्रसंग असतो. ह्या टांचण्यांना भरपूर गुण असतात. ज्या संघांत आठहि जण यंत्रांत डोकें घालून बसणारे आहेत आणि पत्र लिहिणारा एकहि नाहीं, तो संघ वर येत नाहीं. मराठी, इंग्रजी हे विषय संगणकाच्या मुलांना कशाला, असें विचारणाऱ्या पालकांनीं ह्याचा विचार करावा.

हा सर्व प्रकार मीं प्रथम वाचला तेव्हां मला माझीच एक जुनी फजिती आठवली. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका कचेरींत माझी अशीच नेमणूक झाली होती. ती कचेरी कोणती हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. माझ्या आधींचे गृहस्थ शुक्रवारीं गेले होते आणि मी सोमवारीं हजर झालों. यंत्रांची यादी नव्हती. मुख्य यंत्राचा पासवर्ड कळफलकाच्या पाठीमागें कागदाच्या चिठोऱ्यावर चिकटविलेला होता. तिसऱ्या दिवशीं मला असा संशय आला कीं, बाहेरचा कोणीतरी टपालाच्या यंत्रांत शिरला आहे. मीं काय केलें? सावधगिरी म्हणून टपालाचें यंत्रच बंद केलें, आणि मोठ्या अभिमानानें दीड दिवस तें तसेंच ठेवलें. शोधाअंतीं चोर कोणी नव्हताच. पण त्या दीड दिवसांत पगाराचे कागद बँकेकडे जावयाचे होते. ते गेले नाहींत. महिन्याच्या एक तारखेला पगार न मिळाल्यामुळें ज्यांच्या मुलांची फी भरावयाची राहिली, अशीं दोन माणसें माझ्या टेबलासमोर येऊन उभीं राहिलीं. त्यांच्याशीं मीं काय बोललों हें मला आज आठवत नाहीं, त्यांचे चेहरे मात्र आठवतात. विसाव्या वर्षीं असल्या एखाद्या खोलींत दोन दिवस बसण्याची संधि मला मिळाली असती, तर तेथें माझे गुण गेले असते, दुसऱ्याचा पगार गेला नसता.

आतां बाईंच्या प्रश्नाकडे वळतों.

ह्या स्पर्धेचा एक नियम असा आहे कीं, निळ्या संघानें दुसऱ्या कोणत्याहि संघावर हल्ला करावयाचा नाहीं. केल्यास तो संघ स्पर्धेंतून बाद होतो. तांबड्यांनीं तुमचें घर उद्ध्वस्त केलें तरी त्यांच्यावर उलट चाल करून जावयाची नाहीं. आपलें घर झाडावें, मोडलेलें सांधावें, कोठून शिरले तें शोधावें आणि लिहून ठेवावें. म्हणजे जगांतील एक नांवाजलेली संगणक-स्पर्धा मुळांत चोरी करावयास शिकवीतच नाहीं. ती सांभाळावयास शिकविते. एवढ्यावरच थांबलों तर माझें उत्तर पुरें झालें असें बाईंना वाटेल. पण तें प्रामाणिक होणार नाहीं. चोराच्या वाटा ठाऊक असल्यावांचून त्या बुजवितां येत नाहींत, हें खरें आहे. कुलुपें दुरुस्त करणाऱ्याला कुलूप किल्लीवांचून कसें उघडतें हें माहीत असावेंच लागतें. हल्ल्याच्या स्पर्धाहि आहेत. लास व्हेगासच्या डेफकॉन मेळाव्यांत १९९६ पासून निशाण पळविण्याचा एक डाव खेळला जातो. रॉचेस्टर येथील तंत्रविद्यालयानें २०१५ पासून अशी स्पर्धा चालविली आहे कीं जींत विद्यार्थी कंपनीच्या परवानगीनें तिच्या यंत्रणेंत शिरून दाखवितात आणि मग काय सांपडलें तें लेखी सादर करतात. 'परवानगी' आणि 'लेखी' ह्या दोन शब्दांवर सारें अवलंबून आहे. ते दोन शब्द काढले कीं उरतो तो गुन्हा. आपल्या देशांत २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याप्रमाणें परवानगीवांचून आणि अप्रामाणिक हेतूनें दुसऱ्याच्या संगणकांत शिरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. गंमत म्हणून मित्राचें खातें उघडून पाहणाऱ्या आमच्या तरुणांनीं हें नीट ऐकावें.

बाईंची भीति निराधार नाहीं. २ नोव्हेंबर १९८८ रोजीं कॉर्नेल विद्यापीठांतील रॉबर्ट मॉरिस नांवाच्या एका हुशार विद्यार्थ्यानें स्वतःच पसरत जाणारा एक प्रोग्राम जाळ्यांत सोडला. तो त्याच्या हाताबाहेर गेला आणि हजारों संगणक ठप्प झाले. त्याला न्यायालयानें दोषी ठरविलें. दंड झाला, चारशें तासांची समाजसेवा करावी लागली. तोच पुढें एमआयटी ह्या विख्यात संस्थेंत प्राध्यापक झाला. बुद्धि तीच होती. तिला काय करावयाचें आणि काय करावयाचें नाहीं, हें वेळेवर ठरवून देणारी चौकट त्या रात्रीं तिच्याभोवतीं नव्हती. त्या घटनेनंतर त्याच महिन्यांत कार्नेगी मेलन विद्यापीठांत अशा संकटांच्या वेळीं धांवून जाण्यासाठीं एक केंद्र स्थापन झालें. आपल्याकडे असें सरकारी केंद्र, सर्ट-इन, २००४ पासून काम करीत आहे.

दुसरी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं, कारण पहारेकऱ्याला कोणती दृष्टि लागते हें तीवरून चांगलें कळतें. १९८६ सालीं कॅलिफोर्नियांतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेंत क्लिफर्ड स्टोल नांवाचे एक खगोलशास्त्रज्ञ संगणकखात्यांत कामास आले. संगणक वापरल्याबद्दल आकारावयाच्या रकमेंत पंचाहत्तर सेंटांचा फरक येत होता. एक डॉलरसुद्धां नव्हे. तो कां येतो हें शोधावयाचें काम ह्या नवख्या माणसाकडे आलें. दुसऱ्या कोणी तेवढी रक्कम खिशांतून घालून हिशेब जुळविला असता. ह्यांनीं तसें केलें नाहीं. पैसे न देतां कोणीतरी यंत्र वापरीत आहे, हें त्यांनीं ओळखलें. महिनेच्या महिने त्याचा माग काढला. आणि शेवटीं तो माग जर्मनींतील अशा माणसाच्या दारीं जाऊन पोंचला, कीं जो अमेरिकन लष्कराची माहिती चोरून सोव्हिएत हेरखात्याला विकणाऱ्या टोळींतला होता. पंचाहत्तर सेंट! आपल्या फंडाचे हिशेब तपासणाऱ्या मंडळींना ही गोष्ट मी मुद्दाम सांगत असतों.

स्पर्धेकडे परत येतों. तिच्यांतील जो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो तो ती संपल्यावर सुरू होतो. पण त्याआधीं आणखी एक नियम. तांबडे आंत शिरले म्हणजे निळ्यांचे गुण कापले जातात. मात्र निळ्यांनीं ती घरफोडी स्वतः ओळखून, कोण आलें, कोठून आलें, काय नेलें आणि आम्हीं काय केलें, हें अचूक लिहून दिलें तर गेलेल्या गुणांपैकीं कांहीं परत मिळतात. लपविणाऱ्याला कांहींच मिळत नाहीं. नोकरींत मीं पाहिलें आहे कीं, घरफोडीपेक्षां ती झांकून ठेवण्यानें होणारें नुकसान अधिक असतें. कनिष्ठाला वरिष्ठाची भीति वाटते, वरिष्ठाला वर्तमानपत्राची, आणि तोंवर चोर निवांत असतो. घडलेलें वाईट तासाभरांत कागदावर उतरवून वर पाठविणें ही संवय विसाव्या वर्षीं लागली तर लागते.

मग शेवटचा दिवस संपतो, आणि तांबडा संघ निळ्यांसमोर येऊन बसतो. तुमच्या घरांत आम्हीं कसे शिरलों, तुम्हीं कोठें चांगलें अडविलें, कोणती चोरवाट तुम्हांला शेवटपर्यंत दिसली नाहीं, हें सर्व ते उलगडून सांगतात. दोन दिवस ज्यांनीं छळलें तेच गुरु होतात. हरलेल्या संघालाहि ही शिकवणी मिळते. आणि खऱ्या जगांतील चोर कधींहि परत येऊन आपली वाट समजावून सांगत नाहीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे तिचें मोल कळतें.

विजेत्यांच्या यादींत मोठीं नांवें आहेतच. सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठानें २०१४, २०१५ आणि २०१६ अशीं लागोपाठ तीन वर्षें चषक नेला. व्हर्जिनिया विद्यापीठानें २०१८ आणि २०१९ सालीं. परंतु मला २००८ आणि २००९ ह्या दोन वर्षांचें विजेतें अधिक जवळचें वाटतें. मिशिगन राज्यांतील फ्लिंट हें मोटारींच्या कारखान्यांवर जगलेलें आणि ते कारखाने बंद पडत गेल्यावर रोडावलेलें गांव. तेथल्या बेकर कॉलेजचा, म्हणजे मुलांना रोजीरोटीचें शिक्षण देणाऱ्या एका साध्या महाविद्यालयाचा संघ तीं दोन्ही वर्षें साऱ्या देशांत पहिला आला. आपल्या मुलाला आय.आय.टी. मिळाली नाहीं म्हणून तोंड लहान करून बसलेले पालक येथें असतील, तर त्यांच्यासाठीं फ्लिंटचें नांव मीं टिपून आणलें आहे.

ह्या चषकाला आलामो हें नांव आहे. आलामो हा सॅन अँटोनियोंतील जुना किल्ला. मुळांत तें १७१८ सालीं स्थापन झालेलें फ्रान्सिस्कन मठवासीयांचें मिशन होतें. १८३६ मध्यें तो तेरा दिवसांच्या वेढ्यानंतर पडला. संरक्षणाच्या स्पर्धेंतील चषकाला पडलेल्या किल्ल्याचें नांव कां दिलें असेल, ह्याचें मला प्रथम नवल वाटलें. आतां वाटत नाहीं.

नोकरीविषयीं पालक विचारतीलच. अंतिम फेरीच्या ठिकाणीं माणसें नेमणाऱ्या कंपन्यांचे लोक येऊन बसतात, आणि तेथल्या तेथें मुलांशीं बोलणीं होतात. कारण उघड आहे: गुणपत्रिकेंत न दिसणारी गोष्ट त्यांना तेथें डोळ्यांनीं दिसते. दुसऱ्या दिवशीं दुपारीं, सगळें कोसळलें असतांना, कोण ओरडतो, कोण रडतो, आणि कोण दुसऱ्याच्या टेबलाजवळ जाऊन 'मी काय करूं?' असें विचारतो. पण मुलांना मी अंधारांत ठेवणार नाहीं. ह्या क्षेत्रांतील पहिली नोकरी पुष्कळदां रात्रपाळीची असते. यंत्रांनीं लिहिलेल्या नोंदींच्या ओळी पडद्यावरून सरकत असतात. त्या पाहावयाच्या, आणि त्यांतील एखादी निराळी दिसली तर सांगावयाचें. चित्रपटांत दाखवितात तसलें त्यांत कांहीं नसतें.

ह्या स्पर्धेवर माझा आक्षेपहि आहे, आणि तो मी राखून ठेवीत नाहीं. तेथें शत्रु येणार हें सर्वांना ठाऊक असतें, आणि कोणत्या वेळीं येणार हेंहि ठाऊक असतें. खरा शत्रु वर्दी देत नाहीं. ११ ऑगस्ट २०१८ रोजीं, शनिवारीं, पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर हल्ला झाला. कार्डांच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागीं चोरांनीं आपलीच खोटी यंत्रणा उभी केली, आणि अनेक देशांतील ए.टी.एम.मधून थोड्या तासांत पैसे उपसले. सोमवारीं आणखी एक रक्कम हाँगकाँगला पाठविली. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले. असलें काम करणारे लोक आधीं पुष्कळ दिवस आंत येऊन गप्प बसलेले असतात. दोन दिवसांच्या स्पर्धेंत हें मुरणें दाखवितां येत नाहीं. तींत धांवपळीला बक्षीस मिळतें. कंटाळ्यांत जागें राहण्याला मिळत नाहीं. तें शिकविणारी स्पर्धा अजून कोणी काढलेली मला माहीत नाहीं. तरीहि ज्यानें निदान एकदां आपल्या डोळ्यांदेखत घर फुटलेलें पाहिलें आहे, तो माणूस शनिवारच्या दुपारीं निराळा बसतो.

आपल्या देशांत ह्या वाटेनें कांहीं झालेंच नाहीं असें नव्हे. केरळांतील अमृता विश्वविद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनीं इन-सीटीएफ नांवाची निशाण पळविण्याची स्पर्धा पुष्कळ वर्षें चालविली आहे, आणि तेथील मुलें परदेशच्या स्पर्धांतहि नांव काढून आलीं आहेत. तो मार्ग हुशार मुलांना कोडीं घालण्याचा आहे. मला हवा आहे तो दुसरा, घर सांभाळण्याचा.

म्हणून समितीपुढें मीं एक मागणी ठेवली आहे. आपल्या सभागृहाच्या माळ्यावर दान म्हणून आलेले जुने संगणक पडले आहेत. त्यांतील सहा चालतात. नाताळच्या सुटींत दोन दिवस ते येथें मांडूं. बाहेरच्या जाळ्याशीं त्यांचा कसलाहि संबंध ठेवावयाचा नाहीं. जें कांहीं फुटेल तें ह्या चार भिंतींच्या आंत फुटेल. त्यांवर एका काल्पनिक पतपेढीचा कारभार मीं मुद्दाम गबाळेपणानें मांडून देईन, आणि त्या कामांत मला अनुभव आहे हें आतां आपणांस ठाऊक झालेंच आहे. मुंबईस ह्याच धंद्यांत नोकरी करणारे आपल्या धर्मग्रामांतील दोघे तरुण तांबडा संघ होण्यास कबूल झाले आहेत. घड्याळ मी संभाळीन. उणीव आहे ती फोन करून भांडणाऱ्या गिऱ्हाइकांची. 'माझे पैसे दिसत नाहींत, माझें खातें उघडत नाहीं, तुमच्या साहेबांना बोलवा' असें कामाच्या ऐन गर्दींत, न थकतां, दोन दिवस म्हणत राहणारीं तीनचार माणसें पाहिजेत.

सभा सुरू होण्यापूर्वीं मीं त्या बाईंना विचारलें कीं, हें काम आपण कराल काय? त्या म्हणाल्या, "पतपेढीशी भांडायचं? त्याला काय शिकायला लागतं, काका?" तेव्हां एक जागा भरली.

विद्यार्थ्यांनीं आपलीं नांवें वाचनालयांतील वहींत लिहावयाचीं आहेत. काल संध्याकाळपर्यंत सात आलीं होतीं, त्यांत तीन मुली आहेत. निळ्या संघाला आठ लागतात.